शिकाऊ उमेदवार : कारखान्यातली शाळा की स्वस्तातले हात?

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की आपल्याकडे एकच धावपळ सुरू होते – इनप्लांट ट्रेनिंगची! कुणाचे काका चाकणला असतात, कुणाच्या शेजाऱ्यांचं भोसरीत छोटंसं वर्कशॉप असतं, तर कुणी बायोडेटाची फाईल काखेत मारून पिंपरीपासून तळवड्यापर्यंत गेटोगेट हिंडतं. मलाही अशीच ओळखीतून भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत चार आठवड्यांची ट्रेनिंग मिळाली. गाड्यांचे पार्ट मशीनिंग करून मोठ्या कंपन्यांना पुरवणारी ती कंपनी होती. पहिल्याच दिवशी मला बोअर गेज नीट धरायला शिकवलं ते साहेबांनी नाही, तर माझ्याच वयाच्या एका शिकाऊ मुलाने. टर्नर ट्रेडचा आयटीआय झालेला, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला आणि निगडीला चौघांत एक खोली घेऊन राहणारा.

तिसऱ्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत तो सहज म्हणाला, “मॅडम, तुम्ही तीन आठवड्यांत स्टोअर, टूलरूम, क्वालिटी, हीट ट्रीटमेंट सगळं बघून झालात. मला नऊ महिने झाले, मी याच मशीनवर आहे. पार्ट लावायचा, बटण दाबायचं, पार्ट काढायचा, गेज लावायचा. संपलं.” लेथवर हात बसावा म्हणून दोन वर्षं आयटीआय केलेल्या त्या मुलाने नऊ महिन्यांत लेथला हात लावलेला नव्हता. कागदावर मात्र तो ‘शिकाऊ उमेदवार’ होता.

मी काय उत्तर देणार? हसून वेळ मारून नेली. पण परत आल्यावर ते बोलणं काही डोक्यातून जाईना, म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास केला. कंपन्या शिकाऊ उमेदवार का घेतात? कायदा काय म्हणतो? चांगली ट्रेनिंग आणि नावापुरती ट्रेनिंग यांत फरक कसा ओळखायचा? आणि मुख्य म्हणजे, उद्याचे इंजिनिअर म्हणून आपला याच्याशी काय संबंध? या चार प्रश्नांची उत्तरं जशी समजली तशी इथे मांडते.

कारखाना हीच शाळा

कामावर शिकणं पुण्याला नवीन नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याचं भांडं घडवण्याचं कसब बापाकडून मुलाकडे असंच पिढ्यान् पिढ्या आलं. तिथे ना प्रवेश परीक्षा होती, ना सर्टिफिकेट. हात बसला की माणूस कारागीर!

पुढे इंग्रजांच्या काळात सरकारी बांधकामांना जाणकार माणसं कमी पडू लागली, तेव्हा १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. हेच आजचं सीओईपी. म्हणजे या शहरात इंजिनिअरिंगचं शिक्षण सुरू झालं तेच मुळी ‘कामाला माणसं हवीत’ या गरजेतून. खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची. अशा सरकारी दारूगोळा कारखान्यांतूनही शिकाऊ उमेदवारांच्या अनेक पिढ्या तयार झाल्या.

किर्लोस्करवाडीचं उदाहरण तर सर्वांना माहीत असायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना वसवला (हे औंध म्हणजे आपलं पुण्याचं औंध नव्हे बरं का!). त्या माळावर शिकलेला कामगार कुठून येणार? मग जी माणसं मिळाली त्यांनाच शिकवून तयार केलं. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या शेतांमधून कारखान्यांच्या शेड उभ्या राहू लागल्या. १९६६ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पुण्यात आली. सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली इथे गाड्यांच्या बरोबरीने मशीन टूल आणि डाय बनवण्याचं कौशल्य उभं करायचं होतं आणि तशी माणसं बाजारात तयार मिळत नव्हती. त्यामुळे शिकाऊ उमेदवारांचं प्रशिक्षण हा कारखान्याच्या उभारणीचाच एक भाग झाला. पिंपरी-चिंचवडमधल्या जुन्या घरांत आजही ‘आमचे हे टेल्कोचे अॅप्रेंटिस’ हे वाक्य डिग्रीच्या थाटात ऐकायला मिळतं.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. मालकाला माणूस हवा होता, तो बाहेर मिळत नव्हता, म्हणून त्याने तो घडवला. शिकवणं हा उपकार नव्हता, ती धंद्याचीच गरज होती.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम. सुरुवातीला तो टर्नर, फिटर, वेल्डर अशा ट्रेडपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले, म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा. १९८६ मध्ये बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाची मुलं आली. २०१४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. नियम मोडणाऱ्या मालकाला असलेली तुरुंगवासाची तरतूद काढून दंड ठेवला गेला आणि कंपनीला स्वतःच्या गरजेप्रमाणे ‘पर्यायी ट्रेड’ आखून शिकवण्याची मुभा मिळाली.

२०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं. ४ ते २९ माणसांच्या छोट्या वर्कशॉपला ते ऐच्छिक ठेवलं. म्हणजे ४०० माणसांच्या कारखान्याने कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ६० शिकाऊ घ्यायचे. त्याच नियमांत किमान स्टायपेंडही ठरला : आयटीआय झालेल्याला महिना ७,००० रुपये, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. ट्रेनिंग एका वर्षाहून लांब असेल तर दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ.

यातला काही भार सरकारही उचलतं. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्राकडून देण्याची तरतूद झाली. पदवीधर आणि डिप्लोमाधारकांची योजना वेगळी. ती ‘नॅट्स’ या नावाने ओळखली जाते, तिचं आपल्या भागाचं मंडळ मुंबईला आहे आणि तिच्यात किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा केंद्र सरकारचा असतो.

आता कायद्यातली चार कलमं अशी आहेत, जी नोटीस बोर्डवर लावायला हवीत.

एक : शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगार कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत. मात्र सुरक्षितता आणि आरोग्याच्या तरतुदी लागू होतात आणि ट्रेनिंगमध्ये अपघात झाला तर भरपाई देणं मालकावर बंधनकारक आहे.

दोन : त्याला पीसरेटवर, म्हणजे नगावर, पैसे देता येत नाहीत. प्रॉडक्शन बोनस किंवा इन्सेंटिव्ह योजनेतही त्याला ओढता येत नाही. कारण उघड आहे. नगावर पैसे मिळू लागले की शिकणं संपतं आणि नग मोजणं सुरू होतं!

तीन : ट्रेनिंगशी संबंध नसलेल्या कामाला त्याला लावणं हा दंडनीय गुन्हा आहे. ओव्हरटाईमसाठीही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते आणि ती ट्रेनिंगच्या किंवा जनतेच्या हिताचं असेल तरच द्यायची असते.

चार : मालकाने शिकवणारी योग्य माणसं नेमायची आणि प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवायची. उमेदवारानेही मन लावून शिकायचं, हजर राहायचं, कायदेशीर सूचना पाळायच्या. जबाबदारी दोन्ही बाजूंना आहे.

नोकरीचं काय? ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. २०१४ नंतर एवढंच आहे की, शिकून तयार झालेल्यांना घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचं धोरण ठरवायचं. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात असं म्हटलं की, बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा तिथेच शिकलेल्याला प्राधान्य द्यावं. पण प्राधान्य म्हणजे हमी नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं.

मालकाचं गणित

कायदा असा आहे. पण कंपनी कायद्यासाठी चालत नाही, ती नफ्यासाठी चालते. त्यात गैर काहीच नाही. तेव्हा आपण जरा मालकाच्या खुर्चीत बसून हिशोब करू.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात कौशल्याचे दोन प्रकार सांगितले. एक, जे फक्त त्याच कंपनीत उपयोगी पडतं (उदाहरणार्थ, तिथल्याच खास मशीनची सेटिंग). दुसरं, जे कुठेही चालतं (ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर वापरणं, सीएनसी प्रोग्रॅम लिहिणं). पहिल्या प्रकारचा खर्च कंपनी करते, कारण फायदा तिलाच होणार. दुसऱ्याचा खर्च करताना मात्र ती बिचकते. भोसरीत शिकवलेला मुलगा महिना हजार-दोन हजार जास्त मिळाले की चाकणला जाणार. आपण पेरायचं आणि शेजाऱ्याने कापायचं, असं कोण करेल?

मग कुठेही चालणाऱ्या कौशल्याचा खर्च कोण करतो? बेकर म्हणतात, शिकणारा स्वतः. शिकत असताना कमी पैसे घेऊन. इथेच सगळी किल्ली आहे. समजा, एखाद्या मशीनवरच्या नव्या कामगाराला कंपनी महिना १५,००० रुपये देते आणि शिकाऊ मुलाला ७,०००. हे ८,००० रुपये म्हणजे त्या मुलाने दर महिन्याला भरलेली फी आहे! वर्षाचे झाले ९६,०००. आपण कॉलेजच्या फीची पावती जपून ठेवतो. त्याला मात्र पावती मिळत नाही, इतकाच फरक.

अर्थात, ही पूर्ण फी कधी होते? तो मुलगा कामगाराइतकंच काम देत असेल तेव्हा. सुरुवातीला तो काहीच देत नाही, उलट मटेरियल खराब करतो, शिकवणाऱ्याचा वेळ घेतो. त्या काळात तोटा कंपनीचा. मग हात बसतो, बरोबरी होते आणि त्यानंतर कंपनी फायद्यात येते. आता गंमत बघा. स्पेशल पर्पज मशीनवर पार्ट लावणं-काढणं माणूस आठ दिवसांत शिकतो. म्हणजे नवव्या दिवसापासून कंपनी फायद्यात. अशा वेळी त्याला टूलरूममध्ये पाठवलं, तर तिथे तो पुन्हा शून्यापासून सुरू करणार आणि इथल्या मशीनवर दुसरा माणूस शोधावा लागणार. दर वेळी विभाग बदलला की हिशोब पुन्हा तोट्यापासून सुरू!

माझ्या त्या मित्राला नऊ महिने एकाच मशीनवर का ठेवलं होतं, याचं उत्तर मला इथे मिळालं. कुणी दुष्ट नव्हतं. रोजच्या प्रॉडक्शनचा आकडा भरायचा होता आणि फक्त या महिन्यापुरतं पाहिलं तर गणित तसंच सुटतं.

मग काही कंपन्या खर्च सोसून नीट का शिकवतात? कारण त्यांचा हिशोब एका महिन्याचा नसतो. याबाबत युरोपातले अभ्यास बोलके आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक कंपन्यांचा शिकाऊ मुलांवरचा खर्च ट्रेनिंगच्या काळातच त्यांच्या कामातून वसूल होतो. जर्मनीत मात्र सरासरीने कंपनीला त्या काळात तोटाच होतो. तरीही जर्मन कंपन्या शिकवतात, कारण त्यातले बरेच जण पुढे तिथेच नोकरीला राहतात. बाहेरून माणूस शोधण्याचा, त्याला पुन्हा घडवण्याचा आणि चुकीचा निघाला तर निस्तरण्याचा खर्च वाचतो. थोडक्यात काय, ज्याला माणूस ठेवायचा आहे तो त्याला शिकवतो. ज्याला तो वर्षाने सोडायचाच आहे, तो फक्त वापरतो.

नीट चालतं ते कसं?

जर्मनीत याला ‘ड्युअल’ म्हणजे दुहेरी पद्धत म्हणतात. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. १९६९ च्या तिथल्या कायद्याने हे सर्व बांधून दिलेलं आहे. काय शिकवायचं ते कंपनीच्या मर्जीवर नसतं, देशभर एकच ठरलेला अभ्यासक्रम असतो. आणि परीक्षा घेते ती कंपनी नव्हे, तर व्यापारी-उद्योजकांचं चेंबर. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा. त्यामुळे ते सर्टिफिकेट देशात कुठेही चालतं.

याची पुण्यातली आवृत्ती चाकणला बघायला मिळते. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्यांच्या अकादमीत याच दुहेरी पद्धतीवर मेकॅट्रॉनिक्सची शिकाऊ उमेदवारी चालवली गेली. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि कंट्रोल हे तिन्ही विषय एकाच मुलाला! ज्या कारखान्यात रोबो बिघडला की लाईन उभी राहते, तिथे असा माणूस हवाच असतो. दुसरा मार्ग भारत फोर्जने घेतला. कारखान्याच्या दारात आल्यावर शिकवण्याऐवजी त्यांनी खेडच्या सरकारी आयटीआयला हात दिला, म्हणजे मुळातच तयारी चांगली व्हावी.

आपल्या कायद्यातही हाच सांगाडा आहे. आधी मूलभूत प्रशिक्षण, मग कारखान्यातलं प्रत्यक्ष काम, त्याबरोबर थिअरीचा तास, प्रगतीची नोंद आणि शेवटी परीक्षा व राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. सांगाडा ठीक आहे. प्रश्न त्यात जीव आहे की नाही, हा आहे.

गाडी घसरते कुठे?

नियम वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की, ‘शिकाऊ हा कामगार नाही’ हे कलम दुधारी आहे. हेतू चांगला होता : शिकणाऱ्यावर कामगाराएवढ्या उत्पादनाची सक्ती नको आणि शिकवणाऱ्या मालकावर कायम नोकरीचं ओझं नको. पण जिथे ऑर्डर कमी-जास्त होतात, तिथे याच कलमाचा दुसरा उपयोग दिसतो. वर्षभराची बॅच घ्या, मशीनवर उभी करा, वर्ष संपलं की निरोप द्या आणि नवी बॅच घ्या. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, कायम करण्याची मागणी नाही. मशीन तेच, काम तेच, माणूस मात्र दर वर्षी नवा!

ट्रेनिंगच्या इतर योजनांनाही हा रोग जडतो. एआयसीटीईने २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची योजना आणली. त्यात मध्यस्थ संस्थेमार्फत कंपन्यांना ट्रेनी मिळत. पुणे पट्ट्यात ती खूप चालली. पण ट्रेनीच्या नावाखाली स्वस्त कामगार वापरले जातात, अशी टीका कामगार संघटनांकडून सतत होत राहिली आणि पुढे एआयसीटीईने ती योजना बंद केली. योजना बंद झाली तरी ती वृत्ती आपोआप जात नाही, हेही तितकंच खरं.

एक बाजू मालकांचीही ऐकायला हवी. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्याला मोठी कंपनी दर वर्षी पार्टचा भाव कमी करायला लावते. त्याच्याकडे वेगळा ट्रेनर ठेवायला पैसा नाही, वर्गखोलीला जागा नाही. त्याच्याकडून फोक्सवॅगनसारख्या अकादमीची अपेक्षा करणं चूक आहे. पण सहा महिन्यांत तीन मशीन बदलून देणं, शनिवारी अर्धा तास ड्रॉइंग समजावणं, यासाठी अकादमी लागत नाही. त्याच कंपनीत एक वयस्क मामा होते. तेही चाळीस वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणूनच लागले होते. ते मला म्हणाले, “पोरी, आम्हाला पहिले तीन महिने नुसती फाईल मारायला लावली होती. तेव्हा शिव्या घातल्या. पण आज डोळे मिटून सांगतो, पार्ट चौकोनात आहे की नाही.” त्यांना शिकवणारा कुणी एमटेक नव्हता. फक्त त्याला शिकवायची मुभा होती.

आपण काय बघायचं?

आपल्यापैकी अनेकजण डिग्रीनंतर ‘ट्रेनी’ म्हणूनच कंपनीत जाणार. तेव्हा सही करण्याआधी नाव नीट वाचा. ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ हा साधारणपणे कंपनीचा कर्मचारी असतो, पहिलं वर्ष ट्रेनिंगचं असतं इतकंच. ‘ग्रॅज्युएट अॅप्रेंटिस’ हा १९६१ च्या कायद्याखाली येतो. त्याचा करार वेगळा, हक्क वेगळे आणि नोकरीची हमी नाही. दोन्हींत वाईट काहीच नाही, पण कुठल्या दारातून आत जातोय ते माहीत असलेलं बरं. महाराष्ट्र सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही आणखी तिसरीच गोष्ट. तिची या कायद्याशी गल्लत करू नका.

कुठेही ट्रेनी म्हणून जाताना पाच प्रश्न जरूर विचारावेत :

१. करार लेखी आहे का आणि पोर्टलवर त्याची नोंद झाली आहे का?
२. कुठल्या महिन्यात कुठला विभाग, असं वेळापत्रक आहे का?
३. मला शिकवण्याची जबाबदारी नावानिशी कुणावर आहे?
४. प्रगतीची नोंदवही आहे का आणि ती कोण तपासतं?
५. मागच्या बॅचमधले किती जण नोकरीवर घेतले?

पाचवा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. वर पाहिलं तसं, ज्याला ठेवायचं असतं त्यालाच मनापासून शिकवलं जातं. वाद झालाच तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते, हेही लक्षात असू द्या.

आणि आता थोडं माझ्याबद्दल

हा लेख खरं तर इथे संपायला हवा. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

इनप्लांट ट्रेनिंगमध्ये मला प्रोजेक्ट दिला होता टाईम स्टडीचा. स्टॉपवॉच घेऊन मी त्याच लाईनचा सायकल टाईम मोजला, लाईन बॅलन्सिंग केलं, छान रंगीत तक्ते काढले. रिपोर्टमध्ये ‘मॅनपॉवर’ असा एक रकाना होता. त्या मशीनपुढे मी लिहिलं : ऑपरेटर – १.

तो ऑपरेटर नव्हता. तो शिकाऊ होता. माझ्या तक्त्यात तो पूर्ण एक माणूस म्हणून धरला गेल्यामुळे त्याला तिथून हलवायला जागाच उरली नाही. त्याला दुसऱ्या विभागात पाठवलं असतं, तर माझी लाईन बिघडली असती! मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. व्हायव्हाला सरांनी विचारलं नाही, कंपनीतल्या साहेबांनी तर रिपोर्टचं कौतुकच केलं. ते चुकलंय हे मला स्वतःला कळलं ते हा अभ्यास केल्यावर.

म्हणून म्हणते, हा विषय फक्त मालकांचा आणि सरकारचा नाही. कायदा दिल्लीत होतो, धोरण एचआरच्या केबिनमध्ये ठरतं, पण आज सकाळच्या शिफ्टला शिकाऊ मुलगा कुठल्या मशीनवर उभा राहणार, हे ठरवतो तो शिफ्ट इंजिनिअर. अजून तीन-चार वर्षांनी त्या खुर्चीत आपल्यापैकीच कुणीतरी असेल. तेव्हा मॅनपॉवरच्या तक्त्यात शिकाऊंचा रकाना वेगळा ठेवता येईल. प्लॅनिंग करताना त्यांच्याशिवाय आकडा भरतो का, हे आधी बघता येईल. दर दोन महिन्यांनी एकाला हलवता येईल. यासाठी एमडींची परवानगी लागत नाही.

शेवटच्या दिवशी निघताना मी त्याला माझं इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं जुनं पुस्तक दिलं. त्याने ते चाळलं आणि म्हणाला, “मॅडम, हे आयटीआयला झालंय थोडं. पण इथे वापरायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.” तेवढ्यात मशीनचा दिवा लागला आणि तो पार्ट काढायला वळला.

त्याचं वर्ष आता संपलं असेल. त्याच्या जागी नवी बॅच आली असेल. माझ्या रिपोर्टची एक प्रत कंपनीत आहे, दुसरी आपल्या डिपार्टमेंटच्या लायब्ररीत. पुढच्या वर्षी तिथे ट्रेनिंगला जाणाऱ्याने तो रिपोर्ट जरूर चाळावा. फक्त मॅनपॉवरचा तक्ता माझा उतरवून घेऊ नये, तो स्वतः उभं राहून, विचारून, नव्याने काढावा!